उसाचे पाते आणि डोळ्यातले राखणदार



गळीत हंगाम लागला की आपल्या मोसम काठी ज्याच्या त्याच्या तोंडी तोड, टोळी, वजनकाटा आणि पहिली उचल एवढेच विषय असतात. आमच्या या पानांतूनही आम्ही बहुधा तेच लिहीत आलो. या अंकात मात्र आम्ही डोळ्याविषयी लिहिणार आहोत. बेण्याच्या डोळ्याविषयी नव्हे, माणसाच्या. तसे कारण घडले आहे.

नामपूर भागातले आपले एक सभासद. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. गेल्या हंगामाच्या तोंडाशी ते खोडव्याला पाणी भरत होते. रात्रीची पाळी. पाट मध्येच फुटला म्हणून बॅटरी घेऊन उसात शिरले आणि एक पाते उजव्या डोळ्यावरून सपकन ओढले गेले. घरी येऊन म्हणाले, "डोयामा पातं लागनं." पाण्याने डोळा धुतला, झोपले. सकाळी डोळा लालबुंद, पाणी गळते आहे, उजेड सहन होत नाही. बाजारात गेले, औषधाच्या एका दुकानात "लाली उतरायचं काहीतरी द्या" म्हणाले आणि एक छोटी बाटली मिळाली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. बाटलीने काम मात्र चोख केले. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका थांबला. त्यात तोड आली. टोळी शेतात, गाड्या बांधावर, डोळ्याकडे बघायला सवड कोणाला? थेंब घालणे तेवढे चालू होते.

तिसऱ्या आठवड्यात बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. मग धुके. नाशिकला डोळ्याच्या डॉक्टरांनी जखमेची खरवड काढून काचपट्टीवर पाहिली आणि सांगितले, बुरशी आहे, खोल गेली आहे. दीड-दोन महिने उपचार चालले. डोळा जागेवर राहिला, पण त्यावर फूल पडले. आज त्या डोळ्याने त्यांना उजेड कळतो, समोर हात हलवला तर कळतो. पासबुकावरचा आकडा दिसत नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारले. "त्या औषधानं डोळा दोन दिवसांत चकचकीत झाला व्हता. मग आतून सडला कसा?"

प्रश्न सरळ होता आणि आम्हाला उत्तर येत नव्हते. डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून, छापील माहिती वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

बुब्बुळावरची काच

डोळ्याचा काळा भाग आपण म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्ताची एकही नळी नसते. नळ्या असत्या तर आरपार दिसलेच नसते. त्याला लागणारा प्राणवायू तो बाहेरच्या हवेतून घेतो, अन्नपाणी अश्रूंतून आणि आतल्या द्रवातून. आतले धागे विणकराने ताणा लावावा तसे एकसारख्या अंतराने, थरावर थर बसवलेले असतात, आणि त्या शिस्तीमुळेच काच स्वच्छ राहते. शिस्त मोडली की काच धुरकटलीच.

सगळ्यात वर पातळ कातडीचे पाच-सहा थर असतात. ते धड आहेत तोवर धूळ येवो, माती येवो, बुरशीचे बीज येवो, आत शिरकाव नाही. पापणी मिटते, अश्रू धुऊन नेतात. पण उसाच्या पात्याची कड आपल्याला ठाऊक आहे. करवतीसारखी. हाताला लागली तर रक्त काढते. तिने हे थर सोलले की दार उघडे पडते, आणि जे पाते दार उघडते त्याच्याच अंगावर बुरशीचे बीज बसलेले असते.

उपजत पहारा

आता राखणदारांची गोष्ट. देवीची लस, पोलिओचे थेंब आपल्याला माहीत आहेत. शरीराला शत्रूची ओळख करून द्यायची आणि मग शरीर ती लक्षात ठेवते. पण शरीरात दुसरीही एक व्यवस्था आहे, ती शिकवावी लागत नाही. जन्मतःच असते, म्हणून तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. शेतातला जागल्या जसा कोण आहे, कुठला आहे हे विचारायच्या आधी काठी घेऊन धावतो, तसे हे काम.

हे पहिल्यांदा कोणी पाहिले ती हकीकत आम्हाला फार आवडली. मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी समुद्रातले प्राणी तपासत होते. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांनी बागेतल्या गुलाबाचा काटा घेऊन एका पिल्लाच्या अंगात टोचला आणि रात्र जाऊ दिली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघतात तो काट्याभोवती हलत्या पेशींचा घोळका जमलेला. बाहेरून आलेल्या वस्तूला गिळायला शरीरातल्या पेशी चालत जातात, हे त्यांनी त्यावरून ताडले. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारदर्शक अंग आणि त्यात रुतलेला काटा. आपल्या माणसाच्या डोळ्यात झाले ते याहून फार वेगळे नाही.

कॉर्नियात कायम राहणाऱ्या राखणदार पेशी थोड्याच असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. बुरशीच्या अंगावर एका प्रकारच्या शर्करेचे कवच असते, ते या पेशी बरोबर ओळखतात. म्हणजे साखरेची पारख आपल्या शेतकी खात्यालाच आहे असे समजू नये! ओळख पटली की त्या रासायनिक सांगावा धाडतात, आणि बुब्बुळाच्या कडेला, पांढरा भाग जिथे काळ्याला मिळतो तिथल्या बारीक रक्तनळ्या फुगतात. हीच ती लाली. फुगलेल्या नळ्यांतून पांढऱ्या पेशींची कुमक बाहेर पडून जखमेकडे चालू लागते. काही तासांत ती पोहोचतेही.

रक्त तपासून घेतले असेल तर कागदावर न्यूट्रोफिल असा शब्द आपण पाहिला असेल. कुमक म्हणजे त्याच पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सर्वांत मोठी संख्या यांची. आयुष्य थोडे, म्हणून हाडांतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या तयार करतो. आपण रात्री डोळे मिटून झोपतो तेव्हाही त्या पापणीआडच्या अश्रूंत उतरतात, पहारा देतात.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि अमेरिकेतले एक विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी बुरशीने जखम झालेले कॉर्निया मुद्दाम तपासले. २०११ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. लागण होऊन आठवडाही न झालेल्या ११० रुग्णांची तपासणी होती, आणि जखमेत सगळ्यात जास्त गर्दी या न्यूट्रोफिल पेशींचीच होती.

मालाचे नुकसान

पण इथे गुंतागुंत सुरू होते. जीवाणू बारीक असतो, पेशी त्याला गिळून टाकते. बुरशीचा धागा लांब, पेशीच्या कितीतरी पट. तो गिळता येत नाही. मग पेशी त्याला बाहेरूनच वेढतात, त्याच्यावर जहाल प्राणवायू सोडतात, त्याला लागणारे लोह आणि जस्त अडवून धरतात, पाचक रस ओततात. बुरशीही कच्ची नाही. तो जहाल प्राणवायू मारून टाकण्याची सोय तिच्याकडे असते. लढाई लांबते. आणि पाचक रस बुरशी कोणती नि काचेचे धागे कोणते हे बघत नाहीत. उसात रानडुकरे शिरली म्हणून आपण पन्नास माणसे काठ्या घेऊन आत घातली, तर डुकरे जातील, पण ऊसही आडवा होईल. तसेच इथे घडते. धागे विरघळतात, काच पातळ होते, कधी फुटते. जखम भरली तरी नवे धागे पहिल्या शिस्तीत बसत नाहीत. तिथेच फूल पडते. काळ्या भागाच्या तळाशी कधी पांढरी रेघ दिसते, तो पू. तो म्हणजे या पेशींचाच थर.

थोडक्यात, राखणदार नसले तर बुरशी सगळी काच खाणार. राखणदार फार झाले आणि फार दिवस राहिले तर ते काच मोडणार. डोळ्याच्या डॉक्टरांची सगळी कसोटी या दोन्हींच्या मधल्या वाटेत आहे. बुरशी मरावी आणि पेशींच्या रसाने होणारी मोडतोड तेवढी आवरावी, असे औषध शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

आता बाटलीचे पाहू. आमच्या सभासदाच्या बाटलीवर डेक्सामेथासोन हा शब्द होता. हे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही त्याचीच भावंडे. त्यांचे काम काय, तर सांगावा थांबवायचा, नळ्यांची फूग उतरवायची, कुमक रोखायची. म्हणून लाली गेली. म्हणून ठणका गेला. बुरशी जागेवरच होती, तिच्या अंगावर धावून जाणारे तेवढे घरी पाठवले गेले. जागल्याला झोपेची गोळी दिली तर रात्रभर आरडाओरड होत नाही, पण म्हणून चोर आला नाही असे कोणी म्हणेल काय? बाटलीत सोबत प्रतिजैविक होते, पण ते जीवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

औषध वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, डोळ्याच्या आतल्या काही दुखण्यांत डॉक्टर तेच देतात आणि त्याने डोळे वाचतात. ते तपासून द्यायचे औषध आहे, चिठ्ठीवर विकायचे आहे, आणि तसे त्यावर छापलेलेही असते. तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने घातले तर बुरशी नसलेल्या डोळ्यालाही काचबिंदू आणि मोतीबिंदू आणते.

उसाची बुरशी, माणसाची बुरशी

बेणे लावताना आपण टिपरी बुरशीनाशकात बुडवतो, कारण मातीतली बुरशी डोळा कुजवते. उसाची मर, शेंड्याची पाने पिवळी-पांढरी होऊन पीळ पडतो तो पोक्का बोंग, हे रोग फ्युझेरियम नावाच्या बुरशीचे. शेतकी खात्याच्या माणसांकडून हे नाव आपण ऐकलेले आहे. आता ऐका. माणसाच्या डोळ्यात जखम करणाऱ्या बुरशींत आपल्या देशात फ्युझेरियमच आघाडीवर आहे. २०१६ साली चंदीगडच्या डॉक्टरांनी उत्तर भारतातल्या चार ऊस शेतकऱ्यांची हकीकत प्रसिद्ध केली. चौघांच्या डोळ्यांत सापडली ती फ्युझेरियम सॅकरी, म्हणजे खास उसावरची म्हणून ओळखली जाणारी जात. आम्ही वाचून जरा वेळ गप्पच बसलो.

आपल्याजवळचे उदाहरण हवे असेल तर प्रवरेकाठचे लोणी पाहा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला त्याच गावच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी पाच वर्षांतल्या अशा रुग्णांची पाहणी करून २०१२ साली छापली. डोळ्याला झालेली इजा, तीही पिकाच्या, पाल्यापाचोळ्याच्या वस्तूने, हेच मोठे कारण निघाले. मदुराईला १९९४ साली तीन महिन्यांत असे ४३४ रुग्ण आले होते, त्यांत इजा झाल्याचे सांगणारे २८४. ज्यांच्या जखमेत जंतू उगवून दाखवता आले त्यांत जीवाणूवाले १४० आणि बुरशीवाले १३९. निम्मे-निम्मेच म्हणा. म्हणजे डोळा बघून, अंदाजाने, दुकानातून औषध घेणारा माणूस नाणे उडवतो आहे. २०१५ ते २०१९ या काळात देशभर अंधत्वाची पाहणी झाली, तीत पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियाचे फूल हे होते. म्हणजे कामाच्या वयातली माणसे.

तास मोजा

नेपाळात भक्तपूर म्हणून शेतीचा भाग आहे. तिथे डॉक्टरांनी गावोगावचे स्वयंसेवक तयार केले. डोळ्याला काही लागले की माणसाने त्यांच्याकडे जायचे. ते रंगाचा थेंब घालून खरचटले आहे का बघत आणि खरचटले असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा असे तीन दिवस लावत. त्यात स्टेरॉइड नाही. २००१ साली आकडे छापून आले. एकूण ४४२ जण. लागल्यापासून १८ तासांच्या आत आलेले २८४, त्यांत एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेले १०९, त्यांत चौघांची चिघळली. आणि दुसरा दिवस उलटवून, २४ ते ४८ तासांत आलेले ४९, त्यांत १४ जणांची.

हे आकडे पुन्हा वाचावेत. शून्य, चार, चौदा. उसाचा उतारा तोडीनंतर तासातासाला उतरतो हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. तोडलेला ऊस बांधावर दोन दिवस पडला तर आपण शेतकी खात्याला धारेवर धरतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र "बघू, उतरेल" म्हणून आठ-आठ दिवस काढतो. बायकांचे तर विचारूच नका. पाचट गोळा करताना, वाढे बांधताना, बाजरी मळताना त्यांच्या डोळ्यात जाते आणि त्या पदराच्या टोकाने काढून पुन्हा कामाला लागतात. घरात "काय व्हयनं?" असे कोणी विचारतही नाही.

बुरशी चढली तर औषध आहे. नेटामायसिन त्याचे नाव. दुधासारखे पांढरे, बाटली हलवून घालायचे. गंमत अशी की हे औषध १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या पीटरमारिट्झबर्गच्या मातीत सापडले, म्हणजे आपल्या देशातून नेलेल्या गिरमिट्या मजुरांनी जिथे ऊस पिकवला त्याच मुलखात. २०१३ साली अरविंदच्या डॉक्टरांनी ३२३ रुग्णांवर हे जुने औषध आणि एक नवे महाग औषध यांची तुलना केली. जुनेच सरस ठरले, फ्युझेरियमवर तर फारच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पण ते सावकाश चालते. सुरुवातीला तासातासाला, रात्रीही, पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. दोन दिवसांत आराम पडला नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरणारे यात नुकसान करून घेतात.

म्हणून डोळ्याला पाते लागले, काडी लागली, कुसळ गेले, तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे. जिभेने काढणे, दूध, तूप, मध, एरंडेल, कोणत्याही पानाचा रस घालणे बंद. घरातली जुनी बाटली, शेजाऱ्याची बाटली, तीही नको. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावे. सटाणा, मालेगाव काही लांब नाही. तिथे पहिले वाक्य हेच बोलावे की उसाचे पाते लागले आहे. नुसते "डोळा आला" म्हटले तर समोरचा वेगळ्या वाटेने जातो. आधी काही घातले असेल तर ती बाटली, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी. आमच्या सभासदाची बाटली त्यांच्या घरच्या बाईने फळीवर जपून ठेवली होती. डॉक्टरांनी नाव वाचले आणि लगेच ती बंद केली. ती उकिरड्यावर गेली असती तर आणखी चार दिवस गेले असते.

एक गोष्ट तोडणी टोळ्यांची. त्या परमुलखातून आलेल्या. कोयता बंद ठेवला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ते सांगतच नाहीत. ज्याच्या शेतात टोळी आहे त्याने, आणि मुकादमानेही, लाल डोळा दिसला तर त्या माणसाला मोटरसायकलवर बसवून न्यावे. ऊस आपला आहे, पाते आपल्या उसाचे आहे.

चष्म्याविषयी विचारले तर आमचे सभासद हसले. त्यांनी आता मोटरसायकलवर लावायचा पांढऱ्या काचेचा चष्मा घेतला आहे. दिवसा तोडीत घामाने काच धुरकटते, मग तो कपाळावर चढतो, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. टोळीतली पोरे त्यांना हिरो म्हणतात. रात्री पाणी भरायला उसात शिरताना मात्र तो डोळ्यावरच असतो. निसटू नये म्हणून बाईने मागून सुतळी बांधून दिली आहे.